तळाशी कोण

धरणाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती. त्या निमित्तानं पंपघराच्या आतल्या कोऱ्या भिंतीवर मोठं चित्र काढून घ्यावं असं साहेबांच्या मनात आलं, आणि चित्रकार शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. धरणाच्या पाणबुड्याची बायकोच दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवायची. पाणबुडे दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. थोरला तिचा नवरा. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून पहारेकऱ्यापासून पंपवाल्यापर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणू लागले होते. साहेबसुद्धा.

"भिंत दोन मजली आहे, वहिनी. घाबरणार नाही ना?"

"भिंतीला काय घाबरायचं? भिंतच मला घाबरेल."

"विषय सोपा आहे. जग कसं झालं. कुठल्याही लोकांची गोष्ट घ्या, सुरुवात पाण्यानंच होते. पाहुण्यांना कळू दे, आमचं खातं सगळ्यांत जुनं आहे ते." स्वतःच्या विनोदावर साहेब स्वतःच पोटभर हसले.

वहिनीनं वाचनालयातून पुस्तकं आणली. आधी तिला गंमत वाटली, मग नवल वाटलं. कुणी बर्फात राहणारे, कुणी वाळवंटात, कुणी समुद्रातल्या बेटांवर. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं, पण सांगताना एकाच घरात वाढल्यासारखी सांगत होती. आधी नुसतं पाणी आणि काळोख. नाहीतर पाण्यावर तरंगणारं एक अंडं. कुठे आकाश आणि धरती एकमेकांना इतकी घट्ट बिलगलेली की मधल्या मुलांना श्वास घेता येईना. शेवटी मुलांनीच आईबापांना ढकलून लांब केलं. माणसं बहुतेक ठिकाणी मातीची. पहिली खेप बिघडलेली, पाण्यात विरघळून गेलेली, मग पुन्हा केलेली आणि नाकातोंडात फुंकर घालून उठवलेली. आणि कुठे सगळं जग एका अवाढव्य देहाचं. तो मारला, तोडला. मांसाची जमीन झाली, हाडांचे डोंगर, रक्ताचा समुद्र.

"फुकट काहीच झालेलं नाही," ती थोरल्याला म्हणाली. "कुठल्याही देशातली गोष्ट काढा. कुणाचा तरी जीव गेल्याशिवाय जग काही उभं राहत नाही."

थोरला दारात बसून हवेच्या नळीला ठिगळ लावत होता. "लोकांना तशीच गोष्ट खरी वाटत असेल," तो म्हणाला.

तिला स्वतःला सगळ्यांत आवडली ती बुडी मारणाऱ्यांची गोष्ट. तीही किती जणांकडे होती. सगळीकडे पाणीच पाणी असतं, उभं राहायला जागा नसते, आणि कुणीतरी तळाला जाऊन मूठभर माती आणायची असते. कुठे बदक जातं, कुठे पाणमांजर, कुठे उंदरासारखं चिमुकलं जनावर. पहिला जातो तो येत नाही. दुसरा जातो तोही येत नाही. तिसरा वर येतो तो अर्धमेला, पण त्याच्या नखांत चिमूटभर चिखल असतो. त्या चिखलाची जमीन होते. पाणबुड्यांच्या घरातल्या बाईला दुसरी कुठली गोष्ट आवडणार?

तिनं भिंतीच्या मधोमध तेच घेतलं. फक्त जनावरांऐवजी माणसं काढली, आणि माणसांना तोंडं हवीत म्हणून घरातलीच तोंडं दिली. पहिल्याला सासऱ्यांचं, दुसऱ्याला धाकट्याचं, तिसऱ्याला नवऱ्याचं. त्यात तिच्या मनात काहीही नव्हतं. वयाच्या क्रमानं काढायला गेली असती तर थोरला दुसरा आला असता; पण तिसरा वर तोंड करून, उजेडाकडे येणारा, आणि तसं तोंड वर करून थोरला झोपायचा. ते तिच्या हाताला पाठ होतं. एवढंच कारण.

सासरे, म्हणजे सगळ्यांचे बाबा, आपल्या काळी याच धरणावर पाणबुडे होते. धरण झालं त्या वर्षी तळाच्या दरवाजावर काम करताना त्यांचे दोन्ही कान फुटले. तेव्हापासून ठार बहिरे. त्यांना एक जोडीदार होता. तो त्याच दिवशी खाली गेला आणि वर आला नाही, त्याला शोधायला गेलो तेव्हाच माझे कान गेले, असं बाबा सांगत. खात्यानं मात्र जोडीदार काम टाकून पळून गेला, एक बाईही होती म्हणे, असं ठरवून टाकलं होतं. दरवाजा बंद झाला, पाणी भरलं, उद्घाटन झालं. बाबांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की मुलासुनांना ती तोंडपाठ झाली होती, आणि बाबा बोलायला लागले की घरात भांडी घासायची आठवण व्हायची.

बाबा एका सकाळी चित्र बघायला आले. मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हे पहिले दोघं कुठे चाललेत?"

वहिनीनं त्यांच्यासाठी ठेवलेल्या पाटीवर खडूनं लिहून दाखवलं: खाली. माती आणायला.

"येतात का वर?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग तिथे मी कसा? मी आलो की वर." त्यांनी पहिल्या पाणबुड्याकडे बोट केलं. "राहिला तो मी नाही. त्याचं तोंड काढ."

तिनं पाटीवर लिहिलं: ते दिसायचे कसे?

बाबांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पन्नास वर्षांत ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग ते तिथून निघून गेले, आणि त्या दिवशी जेवायला बसले नाहीत.

दुसरी ठिणगी पडली ती जावेकडून. धाकट्याची बायको, घरातली धाकटी, आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन चित्र बघायला आली. मुलीनं लगेच बोट दाखवलं. "पप्पा!" मग जरा निरखून म्हणाली, "पप्पा बुडाले."

धाकटी मुलीला बाहेर सोडून आली आणि भिंतीपुढे बांधलेल्या परांचीखाली उभी राहिली. "वहिनी, खाली या."

वहिनी हातातला ब्रश डब्यात ठेवून उतरली.

"तुमचा नवरा तिसरा. आणि माझा दुसरा?"

"अगं, चित्र आहे ते."

"मग बदला ना. चित्रच आहे तर बदला. तुमच्या नवऱ्याला तिथे घाला."

यावर वहिनीला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि तो पटकन न सुचण्याचा क्षण दोघींनीही पाहिला. धाकटी म्हणाली, "बघा. तुम्हालाही होत नाही."

वहिनीनं त्याच दुपारी दुसऱ्या पाणबुड्याचं तोंड खरवडून टाकलं. तिथे करडा डाग राहिला. संध्याकाळी धाकटा आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय हो वहिनी, मला काढून टाकलंत? एवढा वाईट दिसत होतो? निदान मिशी तरी ठेवायची." तो हसला, ती हसली. पण त्याच्या बायकोला हे कळलं तेव्हा ती आणखीच घाबरी झाली. आधी नवरा बुडताना तरी दिसत होता. आता तर तो नुसता नाहीसाच झाला होता. वहिनीच्या लक्षात आलं की त्या जागी काहीही काढलं तरी ते बरं दिसणार नाही. तिनं तो भाग तसाच ठेवला आणि वरचं आकाश रंगवायला घेतलं.

इकडे तळाचा दरवाजा त्रास देत होता. हा दरवाजा धरणाच्या अगदी बुडाशी. त्याच्या पलीकडे बोगदा, आणि बोगद्यातून पाणी ओढून पंप ते शहराला द्यायचे. दरवाजा कधीच पूर्ण बसला नव्हता. वीतभर फट कायम. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण समारंभाच्या आधी बोगदा रिकामा करून रंगवून घ्यायचा होता आणि आवारात नवं कारंजं उडवायचं होतं. साहेबांनी दोघा भावांना बोलावलं.

"फटीत काहीतरी अडकलंय. काढून टाका की झालं."

"साहेब, पंप चालू असला तर फट माणसाला ओढते," थोरला म्हणाला. "हात गेला तर हात, पाय गेला तर पाय. आम्ही खाली असेपर्यंत पंप बंद हवेत."

"बंद राहतील. माझा शब्द."

बुडी मारायची पाळी धाकट्याची होती. भाऊ कायम पाळीनं जायचे. एक खाली, दुसरा वर दोर आणि हवेची नळी धरून. पण त्या सकाळी धाकटी नवऱ्याच्या वाटेत उंबऱ्यावर बसली. "आज नाही. आज तुम्ही जायचं नाही." तो हसण्यावारी नेऊ लागला, मग चिडला, मग तिचा चेहरा बघून गप्प झाला. थोरला अंगणात जोडे घालत होता. त्यानं ऐकलं.

"राहू दे रे," तो म्हणाला. "मी जातो. उगाच घरात भांडण नको."

वहिनी तिथेच रंगाचे डबे पिशवीत भरत होती. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. नाही म्हण, असंही त्या नजरेत नव्हतं, आणि जाऊ दे असंही नव्हतं. वहिनी म्हणाली, "मफलर घे. पाणी गार असेल," आणि लगेच तिला वाटलं, हे काय बोललो आपण? पाण्याखाली मफलर? सगळे हसले. तेवढं हसून चौघंही कामाला लागले.

थोरला पाण्यात उतरला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तलावाचं पाणी वरून हिरवं, शांत. धाकटा तराफ्यावर दोर धरून बसला होता. त्याच्याजवळ हवेचं यंत्र धडधडत होतं. वहिनी पंपघरात परांचीवर चढली होती आणि खिडकीतून तिला तराफा दिसत होता. पंप बंद असल्यामुळे ती मोठी खोली चमत्कारिक गप्प होती. ब्रशचा आवाज ऐकू येत होता.

मग तिच्या पायाखालची फळी थरथरली.

पंप चालू झाला की परांची अशीच थरथरायची. इतके दिवस तिला त्याची सवय झाली होती, म्हणून पहिला एक श्वास तिला काहीच कळलं नाही. दुसऱ्या श्वासाला तिनं ब्रश टाकला. शिडीवरून उतरली म्हणण्यापेक्षा घसरली.

"बंद करा! माणूस खाली आहे!"

पंपवाला गोंधळला. "साहेबांचा फोन आला, वहिनी. कारंजं बघायचंय म्हणाले, जरा वेळच. मी म्हटलं त्यांना, तर ते म्हणाले, पाणबुडे वर आले असतील एव्हाना."

"आले नाहीत!"

"मग साहेबांना विचारून..."

तिनं त्याला बाजूला ढकललं आणि लाल मुठीचा खटका दोन्ही हातांनी खाली खेचला. पंप कण्हत थांबला. बाहेर आवारात नुकतंच उसळलेलं कारंजं गुडघे टेकल्यासारखं खाली आलं.

तराफ्यावर काय घडलं ते तिला नंतर कळलं. दोर आधी ताठ झाला, मग त्याला लागोपाठ झटके बसले, आणि मग काहीच नाही. धाकटी दुपारचा डबा घेऊन काठावर आली होती. धाकट्यानं तिला हाक मारून तराफ्यावर ओढलं, दोर तिच्या हातात दिला, "सोडू नको" एवढंच म्हणाला, हवेची छोटी टाकी पाठीवर अडकवली आणि उडी मारली. वहिनी धावत आली तेव्हा धाकटी दोर कमरेला गुंडाळून, पाय तराफ्याच्या कडेला रोवून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. वहिनीनं तिच्या पाठीमागून दोराला हात घातला. पाण्यावर बुडबुडे येत होते, मग यायचे थांबले.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "मीच त्यांना पाठवलं."

"ओढ," वहिनी म्हणाली. "दोर सैल पडतोय. ओढ!"

धाकट्यानं भावाला वर आणलं तेव्हा तो माणूस आहे हे ओळखू येत नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत काळा, गुळगुळीत गाळ. मास्क निघून गेला होता. नाक, डोळे, तोंड, सगळं एकच. काठावर आडवा केला तेव्हा तो कुणीतरी घाईनं बनवून, वाळायच्या आधीच टाकून दिलेल्या बाहुल्यासारखा दिसला. वहिनीनं त्याच्या तोंडात बोट घालून गाळ काढला. पुन्हा काढला. धाकट्यानं भावाचं नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकलं. फुंकलं, छाती दाबली, फुंकलं. वहिनी त्या गाळाच्या छातीकडे बघत राहिली. पुस्तकातली सगळी माणसं पहिल्याच फुंकरीला उठून बसली होती. हा उठत नव्हता.

मग थोरला खोकला. काळं पाणी ओकला. कुशीवर वळला आणि लहान मुलासारखा कण्हला.

त्याचा उजवा हात कोपराखाली जांभळा पडून वाकला होता. फटीनं तोच ओढला होता. डाव्या हातात मात्र काहीतरी गच्च धरलेलं होतं. एकेक बोट सोडवून ते काढावं लागलं. चामड्याचा पट्टा होता, आणि पट्ट्याला बूट. जुन्या काळच्या पाणबुड्यांचा, तळाला शिसं असलेला, पुढे पितळी टोपीचा. इतकी वर्षं दरवाजा अडवून बसलेली वस्तू.

धाकट्यानं तो उलटा करून गाळ झटकला आणि एकदम खाली ठेवला. बूट रिकामा नव्हता.

बाबांना कुणी बोलावलं ते ठाऊक नाही. आले. बुटाशेजारी मातीत बसले. "डावा," म्हणाले. मग सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहून, कुणाला ऐकू आलं नसेल तर म्हणून आणखी मोठ्यानं, "मी तेव्हाच सांगत होतो. बहिऱ्याचं कोण ऐकतं?"

धाकटा त्यांच्या पायाशी बसून रडला. बाबांना रडणं ऐकू येत नव्हतं. ते त्याच्या डोक्यावर थोपटत राहिले.

थोरल्याचा जीव वाचला. हातही कापावा लागला नाही, पण तो खांद्याला नुसता लोंबत राहिला, बोटं कधी मिटलीच नाहीत. साहेब दवाखान्यात भेटायला आले. फळं आणली होती. वहिनीनं ती पिशवी घेतली नाही, म्हणून साहेबांनी ती खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभे राहिले.

"अनवधानानं झालं, वहिनी. मला वाटलं, वर आले असतील."

"तुम्ही शब्द दिला होता."

"हो. ते आहेच." त्यांनी खुर्चीवरची पिशवी सरळ केली. "ते... तळाशी सापडलेलं... ते कार्यालयात जमा करावं लागेल. खात्याची वस्तू आहे. आणि समारंभ होईपर्यंत बाहेर बोलणं नको. लोक उगाच घाबरतात."

"बूट खात्याचा," वहिनी म्हणाली. "आणि आतला पाय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पाय कुणाच्या खात्यात जमा होतो ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

बाबांच्या जोडीदाराची मुलगी त्याच शहरात होती. बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करायची. बाप गेला तेव्हा पाळण्यात होती. आता केस पांढरे झाले होते, पण गल्लीत तिची ओळख अजून तीच, पळपुट्याची मुलगी. बाबा, धाकटा आणि वहिनी, बूट कार्यालयात न देता कापडी पिशवीत घालून, तिच्याकडे गेले. वाटेत बाबा दोनदा थांबले. या दारात ते पूर्वी किती वेळा आले होते, आणि तिच्या आईनं त्यांना किती वेळा हाकलून दिलं होतं: नवरा गेला तो गेला, वर त्याचा दोस्त खोट्या गोष्टी सांगून जखमेवर मीठ चोळतो.

तिनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, तिघांना बसवलं, पाण्याचे पेले आणून ठेवले. मग पिशवी उघडली. बराच वेळ तिचे हात पिशवीतच होते.

"आई मरेपर्यंत त्याला शिव्या घालत होती," ती म्हणाली. "मीही घातल्या. लग्न ठरलं तेव्हा मोडलं, त्याच्यामुळेच मोडलं. म्हटलं, कुठे असेल तिथे सडो." तिनं पिशवीची तोंडं जुळवून धरली. "आणि तो इथेच होता होय?"

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना समजलं असावं. ते म्हणाले, "दोर माझ्या हातात होता, पोरी. मी ओढला. रिकामाच आला."

ती मान हलवत राहिली. मग तिची नजर पेल्यांवर गेली. तिघांपैकी कुणीही पेल्याला हात लावला नव्हता. तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं स्वयंपाकघरातल्या नळाकडे पाहिलं.

"पन्नास वर्षं मी हेच पाणी पितेय," ती म्हणाली.

बातमी गल्लीतून बाजारात गेली, बाजारातून शहरभर. नळाचं पाणी कुणी तोंडात घेईना. लोक टेकडीवरच्या झऱ्यावर रांगा लावू लागले, हॉटेलवाले दारावर 'झऱ्याचं पाणी' अशा पाट्या लावू लागले. त्यांतल्या दोन तर वहिनीनंच रंगवल्या. दुसरं काम नव्हतं. कार्यालयासमोर माणसं उभी राहिली, ओरडत नव्हती, नुसती रिकाम्या बादल्या घेऊन उभी. शेवटी खात्याला वाकावं लागलं. बूट निघाल्यावर तळाचा दरवाजा पहिल्यांदाच पूर्ण बसला होता. म्हणजे बोगदा आता रिकामा करता येत होता. बाकीचं जे काही असेल ते आत सापडेल.

बोगदा उपसायला घेतला तेव्हा वहिनी पंपघरात जाऊन खटक्यापाशी खुर्ची टाकून बसली. पंप कधी चालू होणार, कधी बंद होणार, ते तिला सांगितल्याशिवाय कुणी खटक्याला हात लावायचा नाही, असं तिनं पंपवाल्याला बजावलं. तो बिचारा तिला चहा आणून देत होता. पाणी उतरल्यावर धाकटा कंदील घेऊन, गुडघाभर गाळ तुडवत आत गेला. बरोबर खात्याचे दोन मजूर. बोगद्याच्या तोंडाशी बाबा, शिवणकामवाली आणि धाकटी थांबले होते. आतून वारा आल्यासारखा गार वास येत होता.

ते फार वेळानं बाहेर आले. लाकडी खोक्यात हाडं होती, पितळी शिरस्त्राण होतं, आणि बूट. धाकट्यानं खोकं खाली ठेवलं, पण मान वर केली नाही.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

त्यानं खोक्यातले बूट काढून मातीवर मांडले. एक उजवा. दुसरा डावा.

शिवणकामवालीच्या पिशवीत जो होता तोही डावाच होता.

माणसाला डावा पाय एकच असतो, हे मोजायला कुणाला वेळ लागत नाही; पण मानायला लागला. मजुरांपैकी एकजण हळूच म्हणाला, "आत कवट्याही दोन आहेत. आम्ही म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं, मग उचलाव्या."

धाकट्यानं पाटीवर लिहून बाबांना दाखवलं. बाबांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"आमच्या आधी इथे दुसरी जोडी होती," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. "आम्हाला कामावर घेतलं तेव्हा सांगितलं होतं, त्यांतला एक काम टाकून पळून गेला. आम्ही दोघं त्याला हसलो होतो. भित्रा म्हणालो होतो."

शिवणकामवाली मातीवर बसली. तिनं पिशवीतला बूट काढून दुसऱ्या डाव्या बुटाशेजारी ठेवला. सारखेच होते. एकाच कारखान्यातले, एकाच मापाचे, एकाच गाळानं काळे झालेले. तिनं बाबांकडे पाहिलं. यांतला कुठला, असा प्रश्न तिच्या तोंडावर सरळ दिसत होता. बाबा पुढे आले, वाकले, दोन्ही बुटांवरून हात फिरवला, पट्टे चाचपले. मग सरळ झाले आणि त्यांनी मान हलवली. ज्याच्यासाठी पन्नास वर्षं खोटे ठरले, त्याचा बूट त्यांना ओळखता येत नव्हता.

"दोन्ही मला द्या," ती शेवटी म्हणाली. "सगळंच द्या. दुसऱ्याचं कुणी येईपर्यंत तो माझ्याकडे राहील."

दुसऱ्याचं कुणी आलं नाही. त्याचं नावही कुणाला सांगता आलं नाही. दोघांना टेकडीच्या उतारावर एकाच ठिकाणी पुरलं.

समारंभ पुढे ढकलला, मग आणखी पुढे, मग त्याचं कुणी बोलेनासं झालं. भिंत अर्धीच राहिली. परांची काढून नेली. साहेबांची बदली झाली, मोठ्या धरणावर. लोक म्हणाले, बढतीच ती. बोगदा धुतला, रंगवला, पुन्हा भरला. पहिले काही दिवस बायका नळाचं पाणी फक्त फरशीला वापरायच्या, मग कपड्यांना, मग भाजी धुवायला. पाण्यावाचून किती दिवस काढणार? झऱ्यावरची रांग आखूड होत होत एका सकाळी दिसेनाशी झाली.

धाकट्यानं बुड्या मारणं सोडलं. थोरला डाव्या हातानं वहिनीचे रंग कालवून द्यायला शिकला. पाट्यांची कामं बरी चालली होती. दोघी जावांमध्ये त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. पण धाकटी रोज सकाळी थोरल्याच्या सदऱ्याची बटणं लावायला यायची, आणि तो लावू द्यायचा.

एका दुपारी एक अनोळखी माणूस दारात आला. साहेबांनी पाठवलं होतं. त्यांच्या नव्या धरणाच्या तळाचा दरवाजा नीट बसत नाही, खाली काहीतरी अडकलंय, चांगला पाणबुडा हवा.

"नाही म्हणून सांगा," धाकटी आतूनच म्हणाली.

"मी नाही येणार," धाकटा म्हणाला.

त्या माणसाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "नाही तर नाही. दुसरे मिळतील. नदीपलीकडे दोघं आहेत म्हणे, भाऊच आहेत. पोरसवदा, पण तयार आहेत. उद्या सकाळी उतरायचं म्हणतायत." तो वळला आणि पायऱ्या उतरू लागला.

वहिनी ब्रश हातात घेऊन तशीच उभी राहिली. आतून बाबांचा खोकला ऐकू आला. धाकट्यानं खुंटीवरचा सदरा काढला, अंगात चढवता चढवता जोडे शोधले, आणि एकच जोडा पायात घालून त्या माणसामागे धावला.

"थांबा," तो ओरडला. "अहो, थांबा! कुठे राहतात ती पोरं?"